बर्फातलं मंडळ

दोन हजार सतरा साल. मला अडुसष्टावं लागलं होतं, आणि कोल्हापूरजवळच्या सबंध कसबा बावड्यात माझ्याएवढा हट्टी म्हातारा दुसरा नव्हता. हे माझं म्हणणं नव्हे, आमच्या गुऱ्हाळावर गूळ करणाऱ्या दत्तू गुळव्याचं. मी ते अजून मिरवतो.

दिवाळी सरली, ऊस भरला, की आमच्या शिवारात गुऱ्हाळं पेटतात. आता पूर्वीएवढी राहिली नाहीत. ऊस कारखान्याला जातो, रानात बंगले उठलेत, आणि बंगल्याच्या गच्चीवरनं बायका ओरडतात की धुरानं धुणं काळं होतंय. तरी आमचं गुऱ्हाळ मी मोडलेलं नाही. परवाच यंदाची पहिली काहील चुलवाणावर चढली. रस तापला, हिरवट फेस वर आला, दत्तूनं भेंडीचं चिकट पाणी ओतून मळी काढली, आणि मग तो वास सुटला. त्याला काय म्हणावं मला माहीत नाही, मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. एवढंच सांगतो, की वाटेनं जाणारा मोटारसायकलवाला काही काम नसताना गाडी हळू करतो, असा तो वास असतो.

आणि तो वास आला की मला बर्फ आठवतो. उसाच्या रसाच्या पेल्यात पडलेला सोडला तर मी उभ्या जन्मात बर्फाला हात लावलेला नाही. पण त्या सतरा सालचा तो एक हंगाम असा गेला, की माझ्या डोक्यात काहिलीतली उकळी आणि कॅनडातला बर्फ एकमेकांत मिसळून बसलेत. आता वेगळे करता येत नाहीत, आणि करायचेही नाहीत.

आमची एकुलती एक लेक रेखा. लग्न करून नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली. मोठ्या शहरात नव्हे, पार मधल्या मुलखात, जिथं नजर जाईल तिथं गहू आणि गहू निघाला की बर्फ. गावाचं नाव घ्यायला गेलो तर माझी कवळी हलते. जावई सचिन इथं पूल बांधायचा. तिथं त्याला सांगितलं, तुमची इंजिनियरकी इथं चालत नाही, परीक्षा द्या, मग बघू. तोवर तो एका गोदामात रात्रपाळीला खोकी उचलत होता. हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. हौसा, म्हणजे आमची घरची, म्हणाली, "तुमी उपाशी राहून त्याचं खोकं हलकं हुणार हाय व्हय?" मग जेवलो.

त्यांची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमची रविवारची सकाळ. दर रविवारी मी मोबाईल घेऊन गुऱ्हाळावर बसायचो आणि रेखाला काहील दाखवायचो. "आबा, आणि जवळ न्या की," ती म्हणायची, आणि तिकडं फोनला नाक लावायची. तिच्या मागं खिडकी. खिडकीत रस्त्यावरच्या दिव्याखाली सगळं पांढरं. झाड न्हाय, माणूस न्हाय, कुत्रं न्हाय. मी मनात म्हणायचो, ह्या पांढऱ्या रानात माझी पोर कुणाला हाक मारणार?

कारण त्या वर्षी तिला दिवस होते. माघात बाळंत होणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्यात रीत. मी तिला ये म्हणलं. ती म्हणाली, डॉक्टर इथला, नोकरी इथली, येत नाही. हट्टी आहे. कुणावर गेली ते दत्तूला विचारा. हौसाच्या छातीचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी विमानाचं नावच काढू दिलं नाही. सचिनची आई लग्नाआधीच गेलेली. मी एकटा जाऊन काय करणार होतो? मी बाळंतिणीला शेक देणार का पोराची टाळू भरणार? म्हणजे रेखाला तिथं बाळंतपणाला माणूस नव्हतं. रस उकळताना बघत मी एवढाच एक विचार करायचो.

त्या गावात मराठी घरं होती सात-आठ, आणि त्यांचं एक मंडळ निघणार निघणार म्हणून रेखा सांगत होती. माझा जीव त्या मंडळात अडकला. मंडळ म्हणजे माणसं, आणि माणसं म्हणजे माझ्या पोरीच्या दारात कुणीतरी. पण मंडळ काही निघेना. दोन म्होरकी माणसं, दोघांची दोन तोंडं. एक नागपूरच्या वंदनाताई, तिथं बँकेत नोकरीला. त्यांचं म्हणणं, नव्या आलेल्या माणसाला विमानतळावरनं आणा, कोट द्या, नोकरी शोधून द्या, ते मंडळ. दुसरे मुंबईचे सावंतसाहेब, मुलाकडं राहायला आलेले निवृत्त गृहस्थ, पेटी वाजवणारे. त्यांचं म्हणणं, गणपती बसवा, नाटक करा, पोरांना मराठी शिकवा, ते मंडळ. आणि अध्यक्ष कोण, हे तर दोघांनीही आपापल्या घरी ठरवून टाकलेलं. एका जागी बसून चहा पिऊ शकतील एवढी माणसं, पण संक्रांत दोन ठिकाणी करायची भाषा चाललेली.

दत्तू म्हणाला, "सात घरांत दोन मंडळं? आपल्या गल्लीला लाजवलं की रं."

त्यात कळंब्याचा महावीर मगदूम डिसेंबरात भावकीतल्या लग्नाला इकडं आला. तोही त्याच गावात, सचिनचा मित्र. परत जाताना तो गुऱ्हाळावर आला, काकवी प्याला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "आबा, रेखाताईला काय द्यायचं असलं तर द्या. माझी बॅग अजून हलकी हाय." मी त्याला दहा किलोची ढेप दिली. आख्खी, फडक्यासकट. तो बघतच राहिला. म्हणाला, "आबा, वाटीभर गूळ म्हणत हुतो मी." मी म्हणलं, "वाटीभर गूळ देऊन माझी अब्रू घालवू? सगळ्या मंडळाला संक्रांतीचा तिळगूळ बावड्याच्या गुळाचा झाला पायजे. मंडळ अजून निघालं नसंल तर ढेप बघून निघंल."

त्यानं लग्नातली साडी, मिठाई, दोन स्वेटर भावाच्या घरी काढून ठेवले आणि ढेप नेली. तिकडच्या विमानतळावरच्या बाईनं ढेपेवर वाजवून बघितलं म्हणे. महावीरनं फडकं सोडून एक कण काढून तिला समजावलं. काय समजावलं ते देव जाणे, पण तिनं सोडलं.

आता खरी गंमत इथनं पुढं. ढेप गावात पोचली. तिळगूळ कुणाच्या घरी करायचा? वंदनाताईंच्या घरी नेली तर सावंतसाहेब रागावणार, सावंतसाहेबांच्या घरी नेली तर वंदनाताई. महावीर सरळ माणूस. त्यानं ठरवलं, भांडण मिटेपर्यंत ढेप कुणाच्याच घरात जाणार नाही. त्यानं ती आपल्या गाडीच्या डिकीत ठेवली आणि गाडी दारात, उघड्यावर. आठवडाभर. थंडी अशी, की रेखा म्हणायची, डोळ्यातलं पाणी पापणीवरच गोठतंय. भांडण मिटलं नाही. ढेप मात्र गोठली.

संक्रांतीचा शनिवार आला. आमचा रविवार. मी गुऱ्हाळावर बसलेलो, दत्तू काहिलीपाशी. फोन वाजला आणि पडद्यावर रेखाचं तोंड, हसून हसून लाल झालेलं. "आबा, हे बघा," म्हणाली आणि फोन फिरवला. मोटारी ठेवायची एक मोठी खोली, शेजारच्या गुरदेव सरदारजींची. ना ताईंचं घर, ना साहेबांचं, म्हणून महावीरनं ती मागून घेतलेली. मधी टेबल, टेबलावर माझी ढेप, आणि सभोवती सगळं गाव. वंदनाताई एका बाजूला, सावंतसाहेब दुसऱ्या. महावीर हातोडा घेऊन उभा. त्यानं मारला. टण्ण असा आवाज इथं बावड्यात ऐकू आला. ढेपेवर ओरखडासुद्धा नाही. हातोडाच उलटा उसळला.

सरदारजी म्हणाले, "बाबाजी, गुड़ भेजा है कि पहाड़?"

मी म्हणलं, "दत्तू, सांग त्यांस्नी." दत्तूला गुळातलं सगळं कळतं असा त्याचा स्वतःचा समज. तो फोनपाशी येऊन ऐटीत म्हणाला, "मधी मारू नगासा. कडंला मारा, कडंनं फुटतोय." महावीरनं कडेला मारला. ढेप टेबलावरनं निसटली, खाली पडली, गडगडत सरदारजींच्या ट्रकखाली गेली. आणि मग कोटबूट घातलेली ती सगळी शिकलेली माणसं गुडघ्यावर बसून ट्रकखाली वाकून ढेप शोधायला लागली. सावंतसाहेबांची टोपी खाली राहिली. वंदनाताई म्हणाल्या, "साहेब, तुमची टोपी. आता तरी डोकं थंड झालं का?" सावंतसाहेब म्हणाले, "बाई, इथं डोकं थंडच आहे, उणे पंचवीस आहे बाहेर." हे म्हणताना ते हसले. मी पहिल्यांदाच त्यांना हसताना बघितलं.

दत्तू इकडं काहील सोडून पोट धरून बसलेला. मी ओरडलो, "अरं पाक लागंल खाली." तो म्हणाला, "लागू दे. असली करमणूक परत न्हाय."

शेवटी वंदनाताईंनी डोकं चालवलं. घरनं केस वाळवायचं मशीन आणलं. पण ढेप निसरडी, कुणीतरी धरायला पाहिजे. सावंतसाहेबांनी धरली, अंगावरच्या मफलरीत गुंडाळून, लेकरासारखी. वंदनाताई मशीननं गरम वारा सोडतात, सावंतसाहेब ढेप फिरवतात. "जरा इकडून." "इकडून म्हणजे कुठून, माझ्या दाढीला लागतंय." "मग दाढी बाजूला घ्या ना बाप्पा." पंधरावीस माणसं ते बघत होती. मग हळूहळू ढेप चमकायला लागली, आणि वास सुटला. मला फोनमधनं कसा येणार, पण मला माणसांच्या तोंडावर तो दिसला. सरदारजींनी डोळे मिटले. महावीरनं पुन्हा हातोडा मारला आणि ढेप उकलली, आत सोन्यासारखी.

सगळे गूळ खायला लागले. तीळ राहिलाच बाजूला. मला वाटलं हीच वेळ. मी मोठ्यानं म्हणलं, "जरा गप बसा, मला बोलायचं हाय."

मी त्यांना आमच्या तालमीचं सांगितलं. तालीम म्हणजे काही नुसती कुस्ती नव्हे. लाल मातीत आम्ही लोळायचो ते खरं, अंगाला तेल, गार ताक, सगळं खरं. पण संध्याकाळी माती झटकून बाहेर आलो की वस्ताद कट्ट्यावर बसून एकच विचारायचा: "दवाखान्यात कोण हाय आणि आज डबा कुणाचा?" गल्लीतला माणूस दवाखान्यात पडला की त्याचा आणि त्याच्या सोबत्याचा डबा गल्लीनं द्यायचा, आज ह्या घरचा, उद्या त्या घरचा, आणि पोचवायचा तालमीच्या पोरांनी. जात बघायची नाही, भांडण बघायचं नाही. माझा बाप पायाचं हाड मोडून महिनाभर पडून होता, तेव्हा ज्याच्याशी आमचा बांधावरनं कोर्टात दावा चालू होता त्याच्या घरनं शेंगदाण्याची आमटी यायची. बाप ती ओरपून खायचा आणि म्हणायचा, "दावा मी जिंकणार, पण आमटी ह्याचीच." बायकांची चढाओढ लागायची. एक गडी तर बरा झाला तरी दवाखाना सोडीना, डबे बंद होतील म्हणून. तालमीचा अध्यक्ष कोण होता ते मला आज आठवत नाही. कुणाच्या घरच्या आमटीत किती चटणी, म्हणजे लाल तिखट, असायची ते आठवतं.

मग मी म्हणलं, "तुमचा अध्यक्ष कोण ते कवाबी ठरवा. माझी पोरगी माघात दवाखान्यात जाणार हाय. तिचा डबा कुणाचा, ते आत्ता सांगा."

मला वाटलं, आता सगळ्यांच्या माना खाली जाणार. तर वंदनाताई मशीन बंद करून फोनसमोर आल्या. "काका, रागावू नका," म्हणाल्या, "पण डबा तर मी मागच्या वर्षीपासूनच पोचवून राहिली. तुमच्या जावयाला कावीळ झाली होती, तेव्हा दहा दिवस कोणाचा डबा गेला, विचारा त्याले. आणि दवाखान्यात नेलं कोणी? ह्या सावंतसाहेबांनी. पेटीच वाजवत नाही काही ते फक्त."

मी रेखाकडं बघितलं. रेखानं छताकडं बघितलं. सचिनला कावीळ झाली होती आणि आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही काळजी करू म्हणून. दत्तू हळूच म्हणाला, "घ्या. तालीम तिकडं आदीच चालू हाय."

मला राग यायला पाहिजे होता. पण माझ्या छातीतनं असं काहीतरी हलकं होऊन वर गेलं, काहिलीवरच्या वाफेसारखं. ज्या मंडळाची मी तीन महिने वाट बघत होतो, ते वर्षभर माझ्या पोरीच्या दाराशी येऊन जात होतं. नाव ठेवायचं राहिलं होतं, एवढंच.

मी म्हणलं, "ताई, भाकरी येतीय का तुमाला?"

"नाही येत," त्या म्हणाल्या. "पोळ्या येतात. चालतील तर बघा."

"चालतील," म्हणलं. दुसरं काय म्हणणार होतो?

सावंतसाहेबांनी मफलरीवरचा गूळ चाटला आणि म्हणाले, "पहिला आठवडा बाईंचा. दुसरा आमच्या सूनबाईंचा, पण तिसरा मी स्वतः करणार. मला सोलकढी येते." वंदनाताई म्हणाल्या, "बाळंतिणीला सोलकढी? साहेब, तुम्ही पेटीच वाजवा." आणि पुन्हा सगळी खोली हसली. अध्यक्ष त्या दिवशी ठरलाच नाही. पुढं ठरला, तो सरदारजींच्या सुचवण्यावरनं: एक वर्ष ताई, एक वर्ष साहेब. अजून तसंच चालू आहे.

आता ते मंडळ केवढं झालंय. गणपती बसतो, नाटक होतं, नाटकात ताई आणि साहेब नवराबायको होऊन भांडतात, आणि लोक म्हणतात ह्यांना तालीम करायची गरज नाही. दर रविवारी पोरांची मराठी शाळा भरते. नवा माणूस विमानतळावर उतरला की कुणीतरी जाड कोट घेऊन उभा असतो. सचिननं परीक्षा दिली, आता तिथले पूल बांधतो, आणि नव्या आलेल्या इंजिनियर पोरांना बसवून शिकवतो, कुठली परीक्षा कशी द्यायची. खोकी उचलण्यात कुणाचं वर्ष जाऊ नये म्हणून. रेखाला मी म्हणलं, मंडळाच्या स्थापनेत माझं नाव आलं पाहिजे. ती म्हणाली, "आबा, तुमी मंडळाचं सभासद बी न्हाय." मी म्हणलं, मग ढेपेचं घाला. त्यावर ती हसली. मी तो होकार धरलाय.

पण मला सांगायचाय तो माघातला दिवस. उन्हं उतरलेली. शेवटचा गूळ निववायच्या वाफ्यातनं साच्यात भरत होतो, हात चिकट. फोन वाजला तर महावीर. तिकडं तेव्हा पहाट होती. मी तसल्याच चिकट हातानं फोन कानाला लावला. तो म्हणाला, "आबा, मुलगी झाली. दोघी झ्याक हायत."

आदल्या रात्री तिथं बर्फाचं वादळ झालेलं. सचिन गोदामात अडकला, रस्ता बंद. रेखाला कळा लागल्या. महावीर गाडी घेऊन निघाला, पुढं सरदारजींचा ट्रक बर्फ ढकलत, मागं महावीरची गाडी, गाडीत रेखा आणि तिचा हात धरून वंदनाताई. दवाखान्याच्या दारात सावंतसाहेब आधीच फावडं घेऊन पायरी साफ करत होते. ते कसे पोचले ते कुणालाच माहीत नाही. सचिन रस्ता उघडल्यावर आला, तोवर पोरगी रडून मोकळी.

"आता तू कुठं हाईस?" मी विचारलं.

"दवाखान्यातच. ताई डबा आणायला गेल्यात, मी भाईर बसलोय. कुणीतरी पायजे न्हवं?"

हौसा शेजारी उभी होती, पदरात तोंड घालून. मी तिच्या हातावर गरम गूळ ठेवला. दत्तूनं काहिलीवर पळी वाजवली, एकदा नव्हे, वाजवतच राहिला. शेजारच्या बंगल्यातली बाई गच्चीवर आली, काय झालं विचारायला. तिला म्हणलं, नात झाली, या गूळ खायला. आली की. तेव्हापासनं धुण्याबद्दल ती काही बोलत नाही.

बोलता बोलता मी महावीरला विचारलं, "तुझ्या घरी कळंब्याला कोण असतंय रं आता?"

"आई एकटीच की," तो म्हणाला. "परवा अंगणात पडली, हात प्लास्टरात हाय. शेजारीण बघून जाती येळ असला तर. चाललंय." आणि परत बाळाचं सांगायला लागला, की नाक तुमच्यासारखं आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी हौसाला उठवलं. म्हणलं, डबा कर, कांदा-लसूण नको, बटाटा नको, जैनाच्या घरी जायचाय. ती म्हणाली, मला शिकवू नका. तिनं मऊ भाकरी केली, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, आणि एका कप्प्यात नवा गूळ आणि तूप. डबा पायाशी ठेवून मी स्कूटर काढली. सगळं कोल्हापूर ओलांडून कळंब्याला गेलो, तळ्यावर अजून धुकं होतं. विचारत विचारत मगदुमांचं दार गाठलं. म्हातारीनं डाव्या हातानं कडी काढली, उजवा गळ्यात अडकवलेला.

"कोण पावणं?"

"डबा हाय, आक्का. मंडळाकडनं."

"कुठलं मंडळ?"

"कॅनडाचं."

तिनं मला खालवर बघितलं. मग डबा बघितला, झाकण उचलून वास घेतला, आणि दारातनं बाजूला सरली. मी चपला काढून आत गेलो, ताट मांडलं, भाकरी कुस्करून आमटीत घातली, कारण एका हातानं तिला मोडवत नव्हती. चार घास खाल्ल्यावर तिनं विचारलं, "उद्या कुणाचा?"

"उद्याबी माझाच," मी म्हणलं. "हिकडच्या मंडळात अजून मी एकटाच हाय."